कोलू मांडताना: आधी बाहुल्या मोजा, मग पायऱ्या

नवरात्रात तमिळ घरांमध्ये पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्यांचा दरबार भरतो, तो कोलू. मुंबईत, माटुंगा-चेंबूरकडच्या बोलण्यात त्याचा गोलू झाला. आंध्र-तेलंगणात बोम्मल कोलुवु, म्हैसूरकडे गोंबे हब्ब. कोलू या शब्दाचा अर्थच मुळी दरबार. देवी नऊ दिवस सिंहासनावर आहे आणि गवताच्या पात्यापासून ऋषिमुनींपर्यंत सगळी सृष्टी तिच्यापुढे हजर आहे, अशी त्यामागची कल्पना. एवढं मनात ठेवलं तर काय वर जावं, काय खाली राहावं आणि बघणाऱ्याची नजर कुठून कुठे चढावी, हे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. व्यंकोजीराजांच्या वंशाकडे १८५५ पर्यंत तंजावर होतं आणि तिथल्या मराठी घरांत कोलू पिढ्यान्‌पिढ्या मांडला जातो. इकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण पायऱ्यांची आरास करतो, तिच्याशीही याचं जवळचं नातं आहे. चेन्नई-बंगळुरूत स्थायिक झालेल्या किंवा तमिळ सून-जावई असलेल्या कितीतरी मराठी घरांत आता घट आणि कोलू एकाच खोलीत बसतात.

पहिल्यांदा मांडणारे बहुतेक जण एक चूक हमखास करतात. आधी स्टँड आणतात आणि मग त्यावर बाहुल्या बसवायला जातात. मग दशावतारातला कल्की कडेला लोंबकळतो, मोठी लक्ष्मी पायरीवर मावत नाही आणि मागच्या रांगेची फक्त डोकी दिसतात. उलट्या बाजूने सुरुवात करा.

मोजमाप

सगळ्या बाहुल्या जमिनीवर काढा. टेप घेऊन प्रत्येकीची उंची आणि बैठकीची खोली लिहा. खोली म्हणजे बैठक पुढून मागे किती आहे ते. संचातल्या बाहुल्या बहुधा ६ ते ८ इंचांच्या असतात, सुट्या मूर्ती १२ ते १८ इंचांपर्यंत जातात. संच फोडायचा नाही, म्हणून प्रत्येक संचाला ओळीने उभं करून त्याची एकूण रुंदीही मोजा. दोन बाहुल्यांमध्ये बोटभर फट धरा. दहा अवतार, प्रत्येकाची बैठक ४ इंच, मध्ये नऊ फटी पाऊण इंचाच्या: एकूण ४७ इंच. म्हणजे चार फुटांच्या पायरीत दशावतार जेमतेम बसतो. स्टँड साडेतीन फुटांचा आणला असता तर काय झालं असतं, ते इथेच कळतं.

पायरीची खोली ठरवताना त्या पायरीवरच्या सगळ्यांत खोल बैठकीत ३ इंच मिळवा: दोन मागे, एक पुढे. मागचे दोन इंच हात घालून बाहुली उचलण्यासाठी, पुढचा एक सुरक्षेसाठी. साधारण ९ इंच खोली घरगुती कोलूला पुरते.

पायरीचा चढ, म्हणजे एका पायरीवरून दुसरी किती उंच, हा खरा कळीचा आकडा. पुढच्या पायरीवरच्या सर्वांत उंच बाहुलीच्या दोन-तृतीयांशापेक्षा चढ कमी नको. पुढे १२ इंचांची बाहुली असेल तर चढ ८ इंच हवा, म्हणजे मागच्या बाहुलीचे फक्त पायाकडचे ४ इंच झाकले जातात, चेहरा आणि हात मोकळे राहतात. चढ ५-६ इंचांवर आणला की पायऱ्या जास्त बसतात खऱ्या, पण दरबाराची गर्दी होते.

पायऱ्या विषम संख्येत: ३, ५, ७, ९, क्वचित ११. चढ ८ आणि खोली ९ धरली तर पाच पायऱ्यांचा कोलू ४० इंच उंच होतो आणि जमिनीवर ४५ इंच पुढे येतो. सात पायऱ्यांना ५६ आणि ६३ इंच, नऊ पायऱ्यांना ७२ आणि ८१ इंच. यात पायऱ्यांपुढे जमिनीवर मांडायच्या बागेचे दीड फूट आणि हळदीकुंकवाला येणाऱ्यांना बसायला तीन फूट मिळवा. सात पायऱ्या म्हणजे जवळजवळ १० फूट गेले, अख्खी खोली. फ्लॅटमध्ये पाच पायऱ्याच चांगल्या. तीन पायऱ्यांचा नीटनेटका कोलूही पूर्ण कोलूच असतो, त्यात कमीपणा काही नाही.

अजून एक. माणसं कोलू जमिनीवर बसून बघतात, तेव्हा त्यांचे डोळे जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर असतात. त्या उंचीच्या खालच्या पायऱ्या वरून दिसतात, वरच्या खालून. वरच्या पायरीवर बाहुली मागे सरकवली तर पायरीची कडच तिचे पाय खाते. म्हणून वरच्या पायऱ्यांवर बाहुल्या कडेपासून इंचभर सोडून पुढे घ्या, खालच्या पायऱ्यांवर मागे ठेवा. मांडताना मध्येच खाली बसून बघत जा. उभ्याने ठरवलेली मांडणी बसल्यावर हमखास वेगळी दिसते.

पायऱ्या उभ्या करणं

जागा निवडताना बाथरूमची सामाईक भिंत टाळा. पावसाळा नुकताच सरलेला असतो, भिंत आतून ओली असते आणि मातीच्या बाहुलीचा रंग ओलीत फुगतो. पश्चिमेच्या खिडकीचं ऊनही नको, ऑक्टोबरात ते रंग उडवतं. भिंतीपासून चार-पाच बोटं जागा सोडा आणि एका बाजूने माणूस आत जाईल इतकी, दीड फुटाची वाट ठेवा. सात पायऱ्यांच्या वरच्या टोकाला समोरून हात पोहोचत नाही, बाजूनेच जावं लागतं. पायरीवर पाय ठेवून वर चढायचं नाही, कितीही मजबूत वाटली तरी.

पत्र्याचे किंवा लोखंडी घडीचे स्टँड नवरात्राआधी तयार मिळतात. हार्डवेअरच्या दुकानातून स्लॉटेड अँगल कापून घेऊन नट-बोल्टनेही बांधता येतात. अँगलचा सांगाडा बांधताना प्रत्येक कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी लावून घ्या, ती नसेल तर सांगाडा आडवा डुलतो. फळी १८ मिलिमीटर प्लायची घ्या आणि दर दोन-अडीच फुटांना खालून आधार द्या. १२ मिलिमीटरची फळी मातीच्या बाहुल्यांच्या वजनाने मध्ये वाकते आणि मधल्या बाहुल्या एकमेकींकडे कलतात.

घरातल्या सामानातूनही कोलू उभा राहतो, आणि अनेक जुन्या घरांत तो तसाच राहत आला आहे. जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. चढ साडेसात इंच धरला तर टेबल बरोबर चौथी पायरी होते. टेबलावर मागच्या बाजूला साडेसात इंच उंच भक्कम खोकं ठेवलं की पाचवी. टेबलापुढे तिसरी पत्र्याच्या ट्रंकेवर, दुसरी बुटक्या स्टुलांवर फळी टाकून, पहिली विटांवर फळी टाकून. उंची कमी पडते तिथे प्लायचे तुकडे घाला. रद्दीचा गठ्ठा घालू नका. तो पहिल्या दिवशी सरळ दिसतो आणि वजनाखाली हळूहळू दबून तिसऱ्या-चौथ्या दिवशी पायरी तिरकी करतो. तेव्हा वर बाहुल्या असतात आणि दुरुस्ती करता येत नाही.

कापड घालण्याआधी प्रत्येक फळीची पुढची कड दोन्ही हातांनी दाबून बघा. मागची बाजू उचलली गेली तर ती फळी सुटी आहे, खिळा किंवा क्लॅम्प लावा. सगळा सांगाडा पुढे ओढून बघा. मोठ्या मूर्ती परंपरेने वरच्या पायरीवर जातात, त्यामुळे वजन वर जमतं. सांगाड्याच्या मागच्या पायाशी विटा ठेवा आणि वरचा दांडा खिडकीच्या गजाला सुतळीने बांधून टाका. लहान मुलं असलेल्या घरात हे करायलाच हवं.

कापड

परंपरेने पायऱ्यांवर पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, अंथरतात. लांबी अशी काढा: चढ आणि खोलीची बेरीज, गुणिले पायऱ्या, अधिक एक फूट. ८ आणि ९ चे १७, पाच पायऱ्यांचे ८५, अधिक १२, म्हणजे ९७ इंच, सुमारे अडीच मीटर. धोतराचा पन्हा ५० इंचांच्या आसपास असतो, म्हणून चार फूट रुंदीच्या पायरीवर एकाच धोतरात काम होतं. स्टँड चार फुटांचाच करावा याचं हेही एक कारण. कापड वरून खाली सोडा, प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात हाताने दाबून बसवा आणि तिथेच डबल टेप लावा. पुढच्या कडेला ताणून टेप लावलं तर कोपरा हवेत राहतो आणि पहिली बाहुली ठेवताच सगळं कापड मागे ओढलं जातं.

सॅटिन दिसायला छान, पण त्यावर बाहुल्या सरकतात. सुती कापड धरून ठेवतं. भरजरी, फुलाफुलांचं कापडही नको. बाहुल्यांचे रंग मुळातच झगमगीत असतात, मागे शांत एकरंगी कापड असेल तरच ते उठून दिसतात.

कोण कुठे बसतं

सर्वांत वर देवी, त्रिमूर्ती आणि कलश. त्याखाली दशावतार, अष्टलक्ष्मी, राम-पट्टाभिषेक, शिव-पार्वतीचा विवाह असे देवांचे संच. मग आळ्वार, नायन्मार, इतर संत आणि ऋषी. विठ्ठल-रखुमाई, ज्ञानोबा-तुकोबा घरात असतील तर ते याच रांगांत सुखाने सामावतात: विठ्ठल देवांत, संत संतांत. त्याखाली माणसांचं जग, लग्नाची वरात, गानकचेरी, बाजार, भातुकली. मग पशुपक्षी. जमिनीवर झाडं, पाणी, डोंगर, गाव.

नऊ पायऱ्यांच्या जुन्या मांडणीत हा क्रम आणखी बारीक असतो: खालून गवत-झाडं, मग शंख-शिंपले, मुंग्या, खेकडे-भुंगे, पशुपक्षी, माणूस, ऋषी, देव आणि सर्वांत वर आदिशक्ती. एका ज्ञानाच्या, म्हणजे एकाच इंद्रियाच्या, जीवापासून सहा ज्ञानांच्या (पाच इंद्रियं आणि मन) माणसापर्यंतची ही चढण ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथातल्या जीवांच्या वर्गवारीशी जुळते. पाच पायऱ्या असतील तर दोन-दोन टप्पे एकत्र करा, पण क्रम उलटू नका.

दशावताराचा संच बघणाऱ्याच्या डावीकडून लावा. तमिळ संचात बहुधा राम, मग नांगरवाला बलराम, मग कृष्ण आणि शेवटी कल्की असतो. आपल्याकडे नववा बुद्ध मानतात, त्यामुळे मराठी घरात हा संच आला की बुद्ध हरवला असं वाटून शोधाशोध होते. नांगर दिसला की तो बलराम, संच पूर्ण आहे.

बाहुल्या ठेवायला वरच्या पायरीपासून सुरुवात करा. प्रत्येक पायरीवर आधी मधली मूर्ती, मग दोन्हीकडे. उंच बाहुल्या मध्यभागी किंवा टोकांना, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नकोत.

तंजावरच्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या असतील तर त्या कापडावर ठेवू नका. नाचऱ्या बाईचे घागरा, धड आणि डोकं असे सुटे भाग तारेच्या टोकावर तोललेले असतात, कापडाच्या सुरकुतीने बैठक जराशी कलली तरी भाग घासतो आणि डोलणं थांबतं. गोल बुडाचे राजा-राणीही कापडावर नीट झुलत नाहीत. दोन्ही प्रकारांना पितळी थाळीत किंवा गुळगुळीत पाटावर, हात लागणार नाही अशी जागा द्या. उचलताना सगळी बाहुली एकदम उचलायची नाही. आधी डोकं काढा, मग धड, मग घागरा.

मरप्पाची

कोलूत पहिला मान लाकडी जोडप्याचा, मरप्पाचीचा. रक्तचंदनाची किंवा दुसऱ्या घट्ट लाकडाची, हात अंगालगत कोरलेली, बोटभरापासून दीड फुटापर्यंतची ही जोडी मुलीला लग्नात माहेराहून देतात. म्हैसूरकडे पट्टद गोंबे हीच भूमिका निभावतात. दरवर्षी या जोडीला नवे कपडे होतात, आणि कोलूतलं सगळ्यांत नाजूक हातकाम हेच.

आदल्या आठवड्यात जोडी कोरड्या फडक्याने पुसा. लाकूड रुक्ष दिसत असेल तर खोबरेल तेलाचा एक थेंब तळहातावर चोळून तो हात बाहुलीवर फिरवा आणि एक दिवस तशीच राहू द्या. लगेच रेशीम नेसवलं तर तेलाचा डाग पडतो.

९ इंचांच्या बाहुलीला साडी ३२ इंच लांब आणि साडेपाच-सहा इंच रुंद लागते. यासाठी नवं कापड आणू नका. जीर्ण झालेल्या कांजीवरमचा किंवा पैठणीचा रुंद काठ कापून घ्या. काठ म्हणजे बाहुलीची तयार साडी: एका बाजूला मूळ किनार असते, ती खाली येऊ द्या. कापलेली बाजू कमरेत खोचली जाते, तिला दुमडायची गरज नाही. मोठ्या साडीचा काठ नसलेला भाग घेतला तर त्यातली बुट्टी बाहुलीच्या छातीएवढी होते आणि साडी अंगावर चढवलेल्या पडद्यासारखी दिसते.

निऱ्या बाहुलीवर घालता येत नाहीत, त्या आधी टेबलावर करा. पट्टीच्या एका टोकापासून ९ इंच सोडा, तेवढ्यात कंबरेला पहिला वेढा होतो. पुढच्या १० इंचांत अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या दहा निऱ्या घाला, वर टाचणीने धरा आणि गरम इस्त्रीने दाबा. राहिलेल्या १३ इंचांत मागून वेढा आणि खांद्यावरून पदर. कंबरेला आधी सुती दोरा दोनदा गुंडाळून गाठ मारा, साडी त्या दोऱ्यात खोचा, कारण गुळगुळीत लाकडावर नुसती साडी टिकत नाही. पदर डाव्या खांद्यावर डबल टेपच्या नखाएवढ्या तुकड्याने बसवा. लाकडाला गोंद किंवा ग्लू गन लावू नका. गोंदाचा थर पुढच्या वर्षी खरवडावा लागतो आणि त्याबरोबर लाकडाचा जुना गुळगुळीतपणा जातो.

पुरुषाला पांढरं जरीकाठी धोतर आणि अंगवस्त्र: रुमालाची ५ इंच रुंद पट्टी पुरते. दागिन्यांना मोत्यांची तयार माळ उसवून एक पदर, नाकात चमकी हवीच असेल तर टिकलीवरचा खडा. जोडी ठेवताना पायरीवर मध्ये किंवा बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला, दोघं शेजारी.

चेट्टियारचं दुकान आणि खालची बाग

गुबगुबीत चेट्टियार, म्हणजे तमिळ वाणी, आणि त्याची बायको दुकान मांडून बसलेली असतात. त्यांच्यापुढे चिमुकल्या वाट्यांत खरं धान्य भरतात: तांदूळ, तूरडाळ, मूग, मिरी, हळकुंडाचे तुकडे. धान्य कोरडंच दोन मिनिटं भाजून गार करून भरा, नाहीतर आठव्या दिवशी किडे निघतात. गूळ आणि साखर ठेवू नका. मुंग्यांची रांग एकदा पायरीला लागली की ती देवीपर्यंत जाते. फळभाज्यांच्या टोपल्यांसाठी सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी रंगीत फळं फार शोभतात. मात्र त्यांतली लहान आकाराची निवडा, नाहीतर आंबा दुकानदारापेक्षा मोठा होतो.

जमिनीवरच्या बागेला उथळ ट्रेमध्ये इंचभर माती पसरा आणि घटस्थापनेच्या चार-पाच दिवस आधी मेथी किंवा मोहरी पेरा. गहू उंच वाढतो, तो मागच्या बाजूला पेरा, शेत दिसेल. बी आधी सहा तास भिजवून ठेवा, पेरल्यावर मातीचा पातळ थर द्या आणि पाणी फक्त हाताने शिंपडा. तांब्याने ओतलं की बी एका कोपऱ्यात वाहून जातं, पाणी साचतं, पांढरी बुरशी आणि वास येतो. घटातलं धान वाढवलेल्या हातांना हे नवं नाही. ट्रेखाली प्लास्टिक घाला, म्हणजे ओल पहिल्या पायरीच्या कापडात चढत नाही. तळ्याला आरसा किंवा निळा कागद घातलेली पाण्याची थाळी, डोंगराला मातीचा ढीग आणि वर मुरुगन (कार्तिकेय). गाव, शाळा, क्रिकेटचं मैदान, मुलांना जे सुचेल ते इथे. खालचा भाग मुलांच्या ताब्यात देण्यासारखाच असतो. वरच्या पायऱ्यांवर हात न लावण्याचा नियम तेवढ्याने पाळला जातो.

कलश, दिवा, वीज

पायऱ्या सर्वपित्री अमावास्येला लागतात आणि संध्याकाळी एखादी बाहुली, बहुधा मरप्पाची, ठेवून ठेवतात. कलश प्रतिपदेला. चांदी, तांबं किंवा पितळेचा तांब्या, आंब्याचा डहाळा, हळद लावलेला नारळ. आत पाणी घालायचं असेल तर पाऊण भरा आणि कलश अशा जागी ठेवा की नऊ दिवस हलवावा लागणार नाही. वरच्या पायरीवर डुगडुगण्याची शंका वाटत असेल तर पाण्याऐवजी तांदूळ भरा, तीही रीत आहे. मातीच्या बाहुलीच्या रंगावर पाणी सांडलं तर तो ओघळतो.

समई पायरीवर कधीही नको. कापड, जर, कागदी फुलं, सगळं पेट घेणारं. जमिनीवर, पायऱ्यांपासून दोन फूट बाजूला, ताटात ठेवा. घरात घटाचा अखंड दिवा असेल तर घट आणि कोलू समोरासमोर किंवा वेगवेगळ्या भिंतींना घ्या, शेजारी शेजारी नको. पंखा पूर्ण वेगात असताना ज्योत कुठे वळते ते एकदा उभं राहून बघा.

दिव्यांच्या माळा एलईडीच्या आणि कापडाच्या पुढच्या कडेवरून घ्या, कापडाखालून नको. रंगीत लुकलुकणाऱ्या माळांनी बाहुल्यांचे चेहरे दिसेनासे होतात. वरून पुढच्या बाजूने तिरका येणारा एक उबदार पिवळा दिवा जास्त काम करतो. खालून प्रकाश टाकला की मूर्तींच्या नाकाच्या सावल्या कपाळावर पडतात.

नऊ दिवस

रोज संध्याकाळी दिवा, रांगोळी (तमिळ कोलम), नैवेद्याला सुंडल, बायकामुलींना बोलावणं, जमेल त्याने एक गाणं म्हणणं. येणारीला वेत्तिलै-पाक्कु म्हणजे विडा-सुपारी, हळदीकुंकू, हळकुंड, फळ किंवा नारळ, एखादा खण. भोंडलाही याच दिवसांत असतो, एकाच संध्याकाळी दोन्ही छान जमतं.

सुंडलला २०० ग्रॅम कोरडे काबुली चणे दहा-बारा छोट्या द्रोणांना पुरतात. आठ तास भिजवा, मीठ घालून शिजवा, पण दाणा अख्खा राहायला हवा. पाणी पूर्ण निथळा. खोबरेल तेलात मोहरी, उडीद डाळ, सुकी मिरची, हिंग, कढीपत्ता, त्यावर चणे, शेवटी ओलं खोबरं. कांदा-लसूण नाही. खोबरं जेवढं सुंडल लगेच द्यायचं तेवढ्यातच घाला, ऑक्टोबरच्या उष्म्यात बाकीचं दोन-तीन तासांत आंबतं. रोज कडधान्य बदला: मूग, चवळी, हरभरा, वाटाणे, राजमा. शुक्रवारी काही गोड.

नवमीला सरस्वतीपूजा: कोलूपुढे पुस्तकं, वाद्यं ठेवतात आणि त्या दिवशी ती उघडत नाहीत. दशमीला पुन्हा हातात घेतात.

नवी बाहुली

दरवर्षी निदान एक नवी बाहुली आणायची रीत आहे. मातीच्या बाहुल्यांसाठी कांचीपुरम, पनरुट्टी आणि मदुराईजवळचं विलाचेरी प्रसिद्ध. चेन्नईत मयिलापूरच्या उत्तर माड रस्त्यावर नवरात्राआधी रस्ताभर बाहुल्या मांडलेल्या असतात. चन्नपट्टणची लाखेची आणि कोंडापल्लीची हलक्या लाकडाची खेळणीही कोलूत चालतात.

भाजलेली मातीची बाहुली बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत आवाज आला तर चांगली भाजली आहे, भद्द आला तर आत तडा असू शकतो. कागदी लगद्याची बाहुली वजनाने लगेच कळते, प्रवासाला तीच बरी. प्लास्टरची ओळखायची तर तळ बघा: खरचटलं की पांढरी भुकटी निघते. बाहुली सपाट काचेवर ठेवून कोपऱ्यांवर दाबा, डुलली तर नको. पांढऱ्या कोरड्या फडक्याने पाठीमागे घासा, रंग उतरला तर घरी तो आणखी उतरेल. आणि डोळे बघा. बाकी सगळं डागडुजी करून सुधारतं, तिरळे रंगवलेले डोळे सुधारत नाहीत.

उतरवणं

विजयादशमीच्या रात्री आरती करून एक-दोन बाहुल्या आडव्या निजवतात, काही घरांत अंगाई म्हणतात. बाकीचा कोलू दुसऱ्या दिवशी उतरतो, शुक्रवार आला तर काही घरं एक दिवस थांबतात. मांडताना वरून खाली आलो, उतरवताना खालून वर जा, म्हणजे बाहुल्यांच्या डोक्यांवरून हात न्यावा लागत नाही. कापड काढण्याआधी प्रत्येक पायरीचा आणि प्रत्येक संचाचा फोटो काढा.

धूळ मऊ ब्रशने झाडा, दाढीचा जुना ब्रश उत्तम. ओलं फडकं वापरू नका. चुन्याच्या आणि पाण्याच्या रंगातल्या जुन्या बाहुल्यांचा चेहराच त्याने निघून येतो. बोट किंवा कोपरा निघाला असेल तर आताच इपॉक्सीने चिकटवा, पुढच्या वर्षी तुकडा सापडत नाही. मोठी भंगलेली देवमूर्ती पुन्हा पायरीवर ठेवत नाहीत.

प्रत्येक बाहुलीला आधी जुन्या मऊ सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा, मग वर्तमानपत्र. वर्तमानपत्र थेट लावलं तर शाई चेहऱ्यावर उमटते. बबल रॅप थेट लावला तर उन्हाळ्यात माळ्यावरच्या उष्णतेने तेलरंगावर गोल गोल वळ उठतात. हात, धनुष्य, वीणा अशा बाहेर आलेल्या भागांच्या पोकळीत कापडाची गुंडी भरा आणि मगच गुंडाळा, कारण बाहुली बहुतेक वेळा तिथेच मोडते. जड बाहुल्या तळाला उभ्या, हलक्या वर. खोकं हलवून बघा, आत खडखड आली तर अजून कापड हवं. कागदी लगद्याच्या बाहुल्या वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात: त्यांच्यातल्या खळीला झुरळ आणि उंदीर लागतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि सिलिका जेलच्या पुड्या घाला. डांबरगोळ्या घातल्याच तर कापडी पुरचुंडीत, रंगाला आणि प्लास्टिकला न टेकता.

मरप्पाचीचे कपडे काढून वेगळे ठेवा, जरीचा भाग मलमलीत गुंडाळून. प्रत्येक खोक्याच्या झाकणाच्या आतून त्यातल्या संचाचा फोटो चिकटवा, बाहेरून दोन बाजूंना ठळक अक्षरात लिहा: ‘दशावतार, १० नग’, ‘चेट्टियार, वाट्या १२’. पायऱ्यांची मापं, कापडाची लांबी आणि नट-बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी स्टँडच्याच दांड्याला बांधा. मरप्पाचीचं खोकं माळ्यावर सगळ्यांत पुढे ठेवा, पुढच्या अमावास्येला पहिलं तेच लागणार आहे.